जव्हार-मोखाड्याचा राजमार्ग

त्र्यंबकेश्वराहून आंबोलीवरून तोरंगणचा घाट उतरून मोखाड्यास, तेथून जव्हार, विक्रमगड, मनोर करीत पालघरकडे जाणारा रस्ता पूर्वी राज्यमार्ग होता; आज तो १६०-अ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गात मोडतो. क्रमांक बदलले, तरी वाट तीच आहे, देशावरून कोकणात उतरण्याची.

ही वाट हाती असावी म्हणूनच मुकणे घराण्याने या डोंगरात राज्य मांडले, असे आम्हांस वाटते. मूळपुरुष जयबा मुकणे यांनी बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली आणि त्या कातड्याची वादी कापून मोठा मुलूख वेढला, ही आख्यायिका आपल्या समाजात सर्वश्रुत आहे. (हीच कथा कार्थेजच्या राणीविषयीही सांगतात, तेव्हा तिचा शब्दशः अर्थ घेऊ नये.) पुढे जयबांच्या पुत्रास दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली ‘नेमशाह’ हा किताब दिला आणि त्या वर्षापासून संस्थानाने आपला स्वतंत्र शक चालविला. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जाताना शिवछत्रपती जव्हारनजीक शिरपामाळावर थांबले व विक्रमशाहांनी त्यांचा शिरपेच देऊन सन्मान केला, अशी परंपरा आहे. 

इंग्रजी अमलात मात्र दैव फिरले. १८६४ साली एक लोहमार्ग किनाऱ्याने मुंबईस पोचला. १८६५ साली दुसरा थळ घाट चढून इगतपुरीस गेला. जव्हार दोहोंच्या मध्ये अधांतरी राहिले. सागाचे लाकूड, भात, नागली, सारे बैलगाडीवर अवलंबून. १९१८ साली राजांनी शहरास नगरपालिका दिली खरी, पण आगगाडी आजतागायत आली नाही. म्हणूनच येथे रस्ता हेच सर्वस्व होय.

संस्थान १९४८ साली विलीन झाले, मुलूख ठाणे जिल्ह्यात गेला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात आला. परंतु हमरस्त्यावरून बस धावली म्हणजे पाड्यापर्यंत वैद्य पोचला, असे होत नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. घाटाच्या रुंदीकरणापेक्षा या आडवाटांची आम्हांस अधिक चिंता वाटते.

भाताची कापणी व दिवाळी आटोपली, की वारली, कातकरी आणि आपल्यांतीलही कित्येक कुटुंबे मुलाबाळांसह याच रस्त्याने भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडावर त्याच रस्त्याने परत येतात.