हसण्यावारी नेलेला राक्षस

आपल्या हातांनी उभी केलेली गोष्ट आपल्याच जिवावर उठली म्हणजे आपण मराठीत तिला भस्मासुर म्हणतो. इंग्रजीत लिहिणारे अशा वेळी फ्रँकेन्स्टाइनचे नाव घेतात. ही दोन्ही नावे इतकी रुळली आहेत, की ती एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून खुशाल वापरली जातात. पण भस्मासुर कृतघ्न होता; ज्याने वर दिला त्याच्याच मस्तकावर हात ठेवावयास तो धावला. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस हे जन्मतःच टाकून दिलेले पोर होते. फ्रँकेन्स्टाइन हे नाव त्याचे नव्हेच, ते त्याला घडविणाऱ्या शास्त्रज्ञाचे आहे. राक्षसाचे नाव ठेवण्याची तसदीही कोणी घेतली नाही. या बेवारस जिवाला अखेर आश्रय मिळाला तो एका विनोदी चित्रपटात, असे आम्ही म्हटले तर श्रोत्यांस नवल वाटेल; परंतु इतिहास तसा आहे खरा.

आरंभ १८१६ सालचा. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता आणि त्याच्या राखेने युरोपातील तो उन्हाळा थंड व पावसाळी करून टाकला होता. जिनिव्हा सरोवराकाठी अडकून पडलेल्या मित्रमंडळींत कवी बायरनने सुचविले, की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. त्यांतल्या अठरा वर्षांच्या मेरीने, म्हणजे पुढे मेरी शेली म्हणून प्रसिद्धीस आलेल्या लेखिकेने, ही कथा मनात धरली. १८१८ साली ती लंडनमध्ये निनावी प्रसिद्ध झाली. प्रेतांच्या अवयवांपासून घडविलेल्या जिवाने डोळे उघडताच त्याचा निर्माता घाबरून खोलीबाहेर पळतो, हा त्या कादंबरीतला निर्णायक क्षण होय. पुढचे सारे अनर्थ त्या पळण्यातून निघतात.

ही कथा जगभर पोहोचविली ती हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने, १९३१ साली. दिग्दर्शक होते जेम्स व्हेल. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी सपाट माथ्याचा, जड पापण्यांचा, मानेला खुंट्या असलेला तो चेहरा तयार केला आणि बोरिस कार्लॉफ या नटाने त्यात जीव ओतला. या चित्रपटात राक्षसाला एकही शब्द बोलावयास मिळत नाही. छपरातून आलेल्या उजेडाकडे तो लहान मुलासारखे हात पसरतो, तेवढेच त्याचे बोलणे. एक चिमुरडी त्याला पाण्यावर फुले सोडावयास शिकविते. फुले संपल्यावर तीही फुलासारखी तरंगेल अशा समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडते. हा प्रसंग असह्य वाटून त्याला कात्री लागली. परिणाम उलटाच झाला! मुलीकडे पुढे झालेले हात आणि नंतर तिचे प्रेत, एवढेच प्रेक्षकांना कित्येक वर्षे दिसत राहिले. कात्रीने त्याचा अपराध कापला नाही, त्याचा निरागसपणा कापला.

पुढे धंद्याच्या हिशेबाने एकामागून एक भाग निघाले. १९३५ साली राक्षसाची वधू आली, १९३९ साली शास्त्रज्ञाचा मुलगा आला. १९४४ आणि १९४५ सालच्या चित्रपटांत तर हा राक्षस, रक्तपिपासू ड्रॅक्युला आणि लांडग्याचे रूप घेणारा माणूस अशी सगळी मंडळी एकाच बोलपटात कोंबली गेली. भीतीचा असा बाजार मांडला म्हणजे भीती उरत नाही. आपल्याकडे भरतमुनींनी सांगून ठेवले आहे, की शृंगाराचे अनुकरण केले असता हास्य उपजते. अभिनवगुप्ताने हे तत्त्व सर्वच रसांना लागू केले. भयानक रसाची नक्कल युनिव्हर्सलने स्वतःच इतक्या वेळा केली होती, की त्यातून हास्य बाहेर पडणे ही केवळ वेळेची बाब होती.

ती वेळ १९४८ साली आली. बड ॲबट आणि लू कॉस्टेलो या विनोदी जोडीची त्याच कंपनीच्या राक्षसांशी गाठ घालून देण्यात आली. ड्रॅक्युलाला आज्ञाधारक राक्षस हवा आहे, म्हणून त्याच्या डोक्यात बसविण्यासाठी तो सगळ्यांत भोळा मेंदू शोधतो, आणि त्याची निवड कॉस्टेलोच्या विल्बरवर पडते! या चित्रपटाचे मर्म असे, की त्यातले राक्षस विदूषकी चाळे करीत नाहीत. १९३१ सालचे मूळ ड्रॅक्युला बेला लुगोसी येथेही तीच भूमिका पूर्ण गांभीर्याने करतात. लांडगामानव झालेल्या धाकट्या लॉन चेनींच्या चेहऱ्यावर खरे दुःख आहे. हशा पिकतो तो विल्बरच्या भेदरण्याला. मात्र येथेही राक्षस हा पळ काढण्याजोगाच राहिला. शेवटी तो जळत्या धक्क्यावर भस्म होतो. हास्याने भीती घालविली, पण त्या बिचाऱ्याला घरात घेतले नाही.

१९५७ साली अमेरिकेत हे जुने भयपट दूरचित्रवाणीवर दाखवावयास विकले गेले आणि नव्या पिढीतील मुलांना ते तोंडपाठ झाले. याचे महत्त्व मोठे आहे; मूळ ठाऊक नसेल तर विडंबन हसवीत नाही. मूळ कवितांशी परिचय असलेल्या वाचकालाच अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’ची खरी गंमत कळते, हे मराठी रसिकांना सांगावयास नको.

अशा तयार प्रेक्षकांपुढे डिसेंबर १९७४ मध्ये ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ आला. कल्पना नट जीन वाइल्डर यांची. मेल ब्रूक्स यांच्यासह त्यांनी पटकथा लिहिली आणि ब्रूक्स यांनी दिग्दर्शन केले. रंगीत चित्रपटांच्या त्या काळात ब्रूक्स यांनी कृष्णधवल चित्रणाचा हट्ट धरला. कोलंबिया कंपनीला तो मानवेना, तेव्हा त्यांनी ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सचे दार ठोठावले. १९३१ सालच्या प्रयोगशाळेतील ठिणग्या उडविणारी यंत्रे केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी जपून ठेवली होती. तीच पुन्हा मांडण्यात आली. ज्याची थट्टा करावयाची त्याचा इतका आदर क्वचितच कोणी केला असेल.

कथेचा नायक मूळ शास्त्रज्ञाचा नातू. आजोबांची त्याला इतकी लाज, की आडनावाचा उच्चारही तो बदलून करतो. पण वारसा चुकत नाही. तोही राक्षस घडवितो. तो बिथरल्यावर नातू म्हणतो, की मला त्याच्याबरोबर कोंडा आणि मी कितीही ओरडलो तरी दार उघडू नका. आत जाताच तो दार उघडा म्हणून गयावया करू लागतो, आणि बाहेरचे लोक दिल्या शब्दाला जागतात! प्रेक्षक हसून बेजार होतात. मग निरुपायाने तो वळतो, राक्षसाशी गोड बोलतो, त्याच्या रूपाची तारीफ करतो. राक्षस रडू लागतो, आणि निर्माता त्याला पोटाशी धरतो. त्याच प्रसंगी तो आपले खरे आडनाव उंच आवाजात उच्चारतो. १८१८ साली जो खोलीतून पळाला, त्याच्या कुळातला माणूस दीडशे वर्षांनी खोलीत थांबला. पोराचा स्वीकार आणि नावाचा स्वीकार एकाच वेळी झाला.

पुढे तो राक्षसाला उंची पोशाख चढवून नागरिकांसमोर रंगमंचावर नाचवितो. हा नाच ब्रूक्स यांना प्रथम पसंत नव्हता. वाइल्डर यांनी भांडून तो ठेवविला. मोहिनीने भस्मासुराला नाचविले ते त्याचा अंत करण्यासाठी. हा नाच समाजाने त्याला आपला म्हणावे यासाठी आहे. पण एक दिवा फुटतो, राक्षस घाबरतो, आणि क्षणापूर्वी टाळ्या देणारे लोक त्याच्यावर भाजीपाला फेकू लागतात. त्या वेळी आम्हांस हसू आले तरी ते घशात अडकते. शेवटी शास्त्रज्ञ आपल्या बुद्धीचा वाटा त्याला देतो, त्याला वाचा फुटते, आणि चालून आलेल्या जमावाला तो आपली हकीकत स्वतः सांगतो. जमाव शांत होतो.

थट्टेने गंभीर कलाकृतीची अप्रतिष्ठा होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. हलक्या थट्टेपुरता तो खराही आहे. परंतु येथे गंभीर म्हणविणाऱ्या चित्रपटांनी ज्याला गिरणीत कोंडून पेटवून दिले, त्याला थट्टेने बोलावयास लावले. भ्यालेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही. मोकळेपणाने हसलेल्याला निदान पाहण्याची उसंत मिळते. यापुढे कोणाला भस्मासुर म्हणण्यापूर्वी, तो डोळे उघडत असताना खोलीतून कोण पळाले होते, एवढे आपण विचारून घ्यावे, इतकीच आमची विनंती आहे.