माडीवरचं खळं

आपल्याकडचं खळं तुमच्यापैकी काहींनी तरी पाहिलं असेल. जमीन चोपून शेणानं सारवायची, मधोमध तिवडा रोवायचा आणि बैलांची पात कणसांवरून गोल गोल फिरवायची. आज आम्ही ज्या इमारतीबद्दल बोलणार आहोत ती म्हणजे हेच खळं, फक्त माडीवर चढवलेलं. अमेरिकेत, व्हर्जिनियामध्ये, जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या शेतीवाडीत ते उभं राहिलं.

माउंट व्हर्ननला लोक जातात ते नदीकाठचा मोठा वाडा बघायला. लाकडी भिंतींवर ओल्या रंगात वाळू मारून दगडाचा आभास आणलेला, गंमतच आहे! पण शेतकऱ्याचं घर समजून घ्यायचं तर ओसरीवर थांबून भागत नाही. स्वयंपाकघर, मांस धुरी देऊन टिकवायची खोली, धुणीघर, तबेले आणि त्यापलीकडे पाच शेतं, हे सगळं मिळून ते घर होतं.

तंबाखूनं जमिनी खंगल्या, म्हणून वॉशिंग्टन 1760च्या दशकात गव्हाकडे वळला. गहू आला की मळणी आली. तिकडची रीत उघड्यावर घोडे फिरवण्याची. त्यात माती, लीद, पाऊस, आणि मालकाच्या दृष्टीनं चोरीची भीती. 1792 मध्ये त्यानं डोग रन नावाच्या शेतासाठी स्वतः नकाशा काढला. इमारत जवळजवळ गोल, सोळा बाजूंची, 52 फूट व्यासाची. विटा किती लागतील याचा हिशेबही त्यानंच केला : 30,820. मातीच्या उतारावरून घोडे वरच्या मजल्यावर चढायचे आणि गव्हावर गोल फिरायचे. फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या. दाणे खाली कोठारात पडायचे, काड वर राहायचं, आणि खालच्या दाराला कुलूप.

बुद्धीचं कौतुक करावंच. पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दुसऱ्या एका शेतावर त्यानं मोठं कोठार आधीच बांधलं होतं. तिथं तीसेक माणसांनी छपराखाली गहू झोडपावा, अशी सोय होती. 1793 मध्ये हेन्री ली यांना लिहिलेल्या पत्रात तो वैतागून सांगतो, की त्या कोठाराच्या समोरच, उघड्या अंगणात, घोड्यांनी मळणी चाललेली दिसली. म्हणजे मालकाची सोय कामाच्या माणसांनी सोयच मानली नाही. मग डोग रनच्या इमारतीकडे पुन्हा बघा. इथं सवय बदलायचा हट्टच सोडलाय. त्याच सवयीवर छप्पर घातलंय आणि कुलूप लावलंय. नकाशावर सही वॉशिंग्टनची असेल, पण त्याचा आकार ठरवण्यात काम करणाऱ्यांच्या नकाराचाही हात आहे, असं आमचं मत.

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे इथं बेंथॅमच्या गोल तुरुंगाची आठवण होतेच. तो आराखडा 1791 चा. पण दोन्हींचा धागा जोडायचा मोह आवरलेला बरा. तिथं नजर माणसांवर होती, इथं कुलूप दाण्यांवर होतं.

ही माणसं राहायची कुठं? 1798 मध्ये न्येम्त्सेविच हा पोलिश लेखक इथं पाहुणा होता. तो एका झोपडीत शिरला आणि त्यानं लिहून ठेवलं, की आमच्याकडच्या अगदी दरिद्री शेतकऱ्याचं खोपटंही यापेक्षा बरं. घोड्यांच्या खुरांसाठी फळ्यांचं अंतर मोजणारा मालक तोच होता, हे विसरून चालणार नाही.

मूळ इमारत एकोणिसाव्या शतकात पडली. एक जुनं छायाचित्र आणि तो नकाशा उरला, त्यावरून 1990च्या दशकात प्रतिकृती बांधली गेली. 1799च्या यादीत तिथल्या 317 गुलामांची नोंद आहे. त्यात आयझॅक नावाचा सुतार आहे. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रामुळे तो 1801 मध्ये मोकळा झाला. त्याची बायको किटी दूधदुभत्याच्या कामावर होती. ती वॉशिंग्टनच्या पत्नीच्या पहिल्या सासरच्या मालमत्तेत मोडत होती, त्यामुळे मृत्युपत्र तिला लागू झालं नाही.