एकच रेणू, अनेक रूपे

डीएनएच्या रचनेचे कोडे १९५३ साली सुटण्यापूर्वी जेम्स वॉटसन काही काळ भलत्याच वाटेवर होते. तत्कालीन पाठ्यपुस्तकांत ग्वानिन व थायमिन यांची ‘इनॉल’ रूपे छापलेली असत. जेरी डोनोह्यू यांनी ‘कीटो’ रूपे घ्यावयास सांगितले आणि जोड्या जुळल्या. फरक एका हायड्रोजन अणूच्या जागेचा: तो नायट्रोजनवर की ऑक्सिजनवर? अशा परस्परांत बदलणाऱ्या रूपांना टॉटोमर म्हणतात.

द्रावणात आजूबाजूचे रेणू एखाद्या रूपाला झुकते माप देतात. २-पिरिडोनचे कीटो रूप पाण्यात वरचढ असते, तर वायुरूपात हायड्रॉक्सी रूप. रेणूचा स्वतःचा कल जाणायचा, तर त्याला वायूतच एकटे गाठावे लागते.

द्विध्रुवी रेणू वायूत मुक्तपणे फिरताना ठरावीक वारंवारितांच्याच सूक्ष्मलहरी शोषतो. या वारंवारिता रेणूतील वस्तुमानाच्या मांडणीवर ठरतात. पण हायड्रोजन पडला हलका. त्याची जागा बदलल्याने मांडणीत फारसा फरक पडत नाही. खरी ओळख पटवतो तो नायट्रोजन. त्याच्या अणुकेंद्रकातील विद्युतभार पूर्ण गोलाकार नसल्याने प्रत्येक वर्णरेषा अनेक बारीक रेषांत फुटते आणि हायड्रोजन त्या नायट्रोजनवर असेल वा नसेल, त्यानुसार या फुटीची नक्षी पालटते.

अडचण अशी, की ग्वानिनसारखे घन पदार्थ तापवताच विघटन पावतात. त्यावर उपाय म्हणजे लेसरच्या स्पंदाने रेणू उडवून निऑनसारख्या वायूबरोबर निर्वातात सोडणे. तेथे ते काही केल्विनपर्यंत थंड होतात. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात सायटोसिनची तीन रूपे १९८९ मध्ये ओळखली गेली होती. स्पेनमधील वायादोलिद येथील होसे लुईस आलोन्सो यांच्या गटाने लेसर वापरून २००९ मध्ये ग्वानिनची चार आणि २०१३ मध्ये सायटोसिनची पाचही रूपे टिपली.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही सूक्ष्मलहरींची परंपरा आहे, पण ती मुख्यतः द्रवांची. प्रा. एस. सी. मेहरोत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री’ने द्रव व त्यांच्या मिश्रणांतील रेणूंचे वर्तन अभ्यासले. द्रवात सततच्या टकरींमुळे सुट्या वर्णरेषा उरत नाहीत, त्यामुळे टॉटोमर वेगळा काढता येत नाही. मात्र विद्युतक्षेत्राबरोबर रेणू किती वेगाने वळतात, हे कळते. आणि त्यावरून शेजाऱ्यांशी असलेले हायड्रोजन बंध. वायूतील प्रयोगांत नेमके तेच वगळलेले असतात.