तेजोमेघाची हिरवी रेषा



अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरांत माझें घर आहे. माघांतल्या रात्रीं गच्चीवर उभें राहिलें कीं मृगाचे ठळक तारे तेवढे दिसतात. रस्त्यावरील दिव्यांनीं बाकीचें आकाश राखी करून टाकलेलें असतें. मृगाच्या पूर्वेस, शृंगाश्वांत, गुलाबाच्या आकाराचा एक फिकट तेजोमेघ आहे. तो डोळ्यांनीं दिसण्याची आशाच नको. तरीहि त्याचें छायाचित्र याच गच्चीवरून घेतां येतें. तें कशामुळें शक्य होतें, हें पाहूं गेल्यास पुण्यापर्यंत जावें लागतें.

१८६४ सालीं विल्यम हगिन्स यांनीं एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहिला. सूर्यप्रकाशासारखा सलग पट्टा दिसेल अशी अपेक्षा. दिसल्या मोजक्या उजळ रेषा. म्हणजे तो ताऱ्यांचा पुंजका नव्हे, विरळ वायु होय. त्यांतील मुख्य हिरव्या रेषेवरून पुढें मोठा वाद माजला. नॉर्मन लॉकियर यांच्या मतें तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची शिल्लक राहिलेली कड. तसें असतें, तर ती एका बाजूस पुसट दिसावयास हवी होती.

त्या सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींच्या देणगीच्या साह्यानें वेधशाळा उभारली होती. वर्णपटाच्या वेधांसाठींच ती असावी, असा सल्ला देणाऱ्यांत स्वतः लॉकियर होते! १८९१ च्या सुमारास नायगमवालांनीं मृगांतील मोठ्या तेजोमेघाची ती रेषा कमीअधिक विस्तारानें तपासली. ती दर वेळीं रेखीवच दिसली, आणि तसेंच त्यांनीं लिहिलें. सल्लागाराची भीड त्यांनीं धरली नाहीं. मला तर त्या वेधाइतकेंच याचें मोल वाटतें.

१९१२ मध्यें ते निवृत्त झाले आणि वेधशाळाहि बंद झाली. तेथील मोठी परावर्तक दुर्बीण कोडाइकनालला गेली. एका माणसाच्या पाठोपाठ एक संस्था उठून जावी, याची हळहळ वाटल्यावांचून राहत नाहीं.

रेषेचें कोडें १९२७ मध्यें आयरा बोवेन यांनीं सोडविलें. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा तो प्रकाश, तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ वर. गुलाबी तेजोमेघाचा पुष्कळसा प्रकाश अशा थोड्या रेषांतच एकवटलेला असतो, तर रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला. म्हणून कॅमेऱ्यापुढें रेषेभोंवतींचे कांहीं नॅनोमीटरच सोडणारा फिल्टर लावला, कीं दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर राहतो आणि मेघ आंत येतो. रेषा रुंद व पुसट असती, तर ही युक्ति इतकी साधली नसती.

तरी एका चित्रांत फारसें कांहीं दिसत नाहीं. दुर्बीण आकाशाच्या गतीनें फिरवीत पांच पांच मिनिटांचीं अनेक चित्रें घ्यावीं लागतात. शंभर चित्रांची सरासरी काढली, तर उजेडाचा खरखरीतपणा एका चित्राच्या मानानें दहाव्या हिश्शावर येतो. यंदा मला त्यासाठीं तीन रात्री लागल्या. चौथ्या दिवशीं सकाळीं पडद्यावर पाकळ्या उमटल्या, तेव्हां खालच्या रस्त्यावरचा दिवा अजून जळतच होता.