सायबर हल्लेखोर गटांचे नामकोश : नोंद कशी शोधावी, कशी वाचावी

एखाद्या सरकारी कार्यालयातील संगणक-सुरक्षा अधिकाऱ्याकडे ‘एपीटी३६’ या गटाविषयीचा इशारा येतो. जुन्या नोंदींत हे नाव कोठेच आढळत नाही. ‘ट्रान्सपरन्ट ट्राइब’ आणि ‘मिथिक लेपर्ड’ या नावांचे अहवाल मात्र दप्तरी पडून असतात. ही तिन्ही नावे एकाच गटाची आहेत आणि हा गट किमान २०१३ पासून भारतातील संरक्षण, राजनैतिक व संशोधन संस्थांना लक्ष्य करीत आला आहे. नावांचा मेळ लागला नाही, तर हाती असलेली माहितीही निरुपयोगी ठरते. तो मेळ लावणे हे गट-शोध साधनांचे पहिले काम होय.

नावांची ही गर्दी केवळ हौसेपोटी झालेली नाही. प्रत्येक सुरक्षा कंपनीला आपल्या ग्राहकांच्या यंत्रणांवर उमटलेल्या खुणाच दिसतात व त्यांवरून ती आपल्यापुरता गट ठरवते. ‘मँडियंट’ क्रमांक देते, ‘क्राउडस्ट्राइक’ प्राण्यांची नावे देते. ‘मायक्रोसॉफ्ट’ने आधी मूलद्रव्यांची नावे वापरली आणि २०२३ पासून हवामानाची. परिणामी रशियाशी जोडला जाणारा ‘एपीटी२८’ हाच ‘फॅन्सी बेअर’, ‘स्ट्रॉन्शियम’ आणि ‘फॉरेस्ट ब्लिझार्ड’ही ठरतो.

या क्षेत्रातील सर्वाधिक वापरला जाणारा संग्रह ‘मायटर’ या अमेरिकी ना-नफा संस्थेचा ‘अटॅक’ हा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेले हे काम २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात प्रत्येक गटाला स्वतंत्र क्रमांक असतो; ‘लाझारस’चा जी००३२, ‘ट्रान्सपरन्ट ट्राइब’चा जी०१३४. सारी माहिती ‘स्टिक्स’ या प्रमाणित स्वरूपात विनामूल्य उपलब्ध असून ती वाचण्यासाठी ‘मायटर’नेच पायथन भाषेतील ग्रंथालय दिले आहे. शोध दोन टप्प्यांत होतो. उपनाव दिले की गट मिळतो. गटाची ओळख दिली की त्याने वापरलेली तंत्रे मिळतात, उदाहरणार्थ टी१५६६.००१ म्हणजे निवडक व्यक्तीला धाडलेल्या ई-मेलमधील घातक जोडपत्र.

येथे नवख्यांची फसगत होते. दुसऱ्या टप्प्याला ‘जी’ने सुरू होणारा क्रमांक चालत नाही, ‘स्टिक्स’मधील लांबलचक ओळखच द्यावी लागते. शिवाय उपनावाच्या शोधाचे उत्तर यादीच्या स्वरूपात येते. त्यातील पहिलाच गट उचलून पुढे जाणारी आज्ञावली चुकीची म्हणावी लागेल. जुन्या क्रमांकांचीही वाट बदलते. ‘सोलरविंड्स’ प्रकरणाच्या वेळी ‘यूएनसी२४५२’ या नावाने नोंदलेला जी०११८ पुढे ‘एपीटी२९’मध्ये विलीन झाला. म्हणून संग्रहाची कोणती आवृत्ती वापरली, हे अहवालात लिहून ठेवणे आवश्यक आहे.

अधिक अवघड प्रश्न उपनावांच्या अर्थाचा आहे. दोन नावे एका ओळीत आली म्हणजे ती तंतोतंत एकच, असे नाही. उत्तर कोरियाशी संबंधित गटांच्या व्याख्या एकमेकींत मिसळतात आणि काही संशोधक त्या देशाच्या सर्व कारवाया ‘लाझारस’ याच नावाखाली नोंदवतात, असा इशारा ‘अटॅक’ स्वतःच देतो. बँकांवर डोळा ठेवणारा ‘एपीटी३८’ त्यात जी००८२ या वेगळ्या क्रमांकाने आढळतो.

पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले, ते एटीएममधून रोकड काढण्याच्या कटाबद्दल. या दोन निष्कर्षांमागील पुराव्याची जात वेगळी आहे. शोधाच्या चौकटीत मात्र केवळ गटाचे नाव झळकते.

नाव मुद्दाम चुकवलेही जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनावेळी झालेल्या हल्ल्यातील ‘ऑलिम्पिक डिस्ट्रॉयर’मध्ये ‘लाझारस’च्या खुणा पेरलेल्या होत्या. ‘कॅस्परस्की’च्या संशोधकांनी त्यातील बनावट उघड केली. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने या हल्ल्याबद्दल रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

‘मिस्प’ प्रकल्पाच्या खुल्या संग्रहात काही गटांपुढे आरोपाच्या खात्रीचा अंक असतो. तो आधी पाहावा. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा ‘माल्पेडिया’ गटांची माहिती ‘मिस्प’वरूनच घेतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच नाव दिसले तरी तो दुसरा पुरावा नव्हे. जून २०२५ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘क्राउडस्ट्राइक’ यांनी आपापल्या नावांची सांगड घालण्याचा उपक्रम जाहीर केला. सर्वांसाठी एकच नामपद्धती आणण्याचा मात्र त्यात हेतू नाही.

भारतात ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. एवढ्या अवधीत हल्लेखोराचे नाव निश्चित होणे जवळपास अशक्य असते. आढळलेली तंत्रे, फाइली आणि इंटरनेट पत्ते तेवढ्या वेळात नोंदवता येतात, आणि नामकोशातील शोध त्यांच्यापासूनच सुरू करता येतो.