पाटाच्या पाण्यावर आलेली माणसं

बापूंना, म्हणजे माझ्या आजोबांना, गावात कोणतं घर कधी आलं हे तोंडपाठ होतं. साल ते कधी सांगत नसत. "ते दुष्काळाआधीचे", "ते पाटाबरोबर आलेले", "ते कारखान्याच्या मागनं आलेले" अशी त्यांची मोजणी. माझं माहेर बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवरचं, नीरा डाव्या कालव्याच्या एका चारीवरचं. तिथं जुनं कोण नि नवं कोण हे पाण्यावरून ठरायचं. बापूंच्या हिशेबानं खरे जुने फार थोडे, बाकीचे कुठून ना कुठून आलेले. बारामतीचं नाव ज्यांच्यामुळं घरोघर पोचलं ते मोरोपंतसुद्धा मूळचे पन्हाळ्याचे. बारामतीच्या नाइकांच्या आश्रयानं ते इथं स्थिरावले.

या आलेल्यांपैकी दोघांबद्दल मला लिहायचं आहे. एक सासवडचे माळी, दुसरे बीड-पाथर्डीकडचे ऊसतोडकरी. दोघंही एकाच पाण्यामागं आले, दोघांचाही संसार उसावर, आणि दोघांच्याही कामाची सुरुवात दुसऱ्याकडून घेतलेल्या उचलीनं झाली. माळ्यांच्या नातवंडांचे बंगले झाले. तोडकरी अजूनही दिवाळीनंतर येऊन कोपीत उतरतो. आमच्याकडची माणसं याचं कारण एका वाक्यात सांगून मोकळी होतात: माळी कष्टाचा, हुशार. कष्टाचा होता यात शंका नाही. पण तोडकऱ्याइतकं कष्टाचं काम मी तरी दुसरं पाहिलेलं नाही, म्हणून हे उत्तर मला कधी पुरलं नाही.

पाट येण्याआधी हा मुलूख कर्जात बुडालेला होता. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी गुजर सावकारांची दुकानं लुटली, कर्जाच्या वह्या आणि खतं जाळली. ते लोण मग पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात गेले, आणि १८७९मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. मधल्या काळात १८७६चा दुष्काळ येऊन गेला. बापूंची आजी तेव्हा दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या वाहायची. त्या हकिकतीत पोटाला मिळालेल्या धान्याचं वर्णन मातीपेक्षा जास्त असायचं. नीरा डावा कालवा १८८५मध्ये सुरू झाला. वीरच्या बंधाऱ्यातून निघालेलं पाणी पुरंदर, बारामती करत इंदापूरपर्यंत आलं. वरच्या अंगाला भाटघरचं धरण झालं.

पाणी आलं, पण ते घेणार कोण? बापू सांगायचे, पहिली कित्येक वर्षं आमच्या लोकांनी पाऊस ओढला तरच पाण्याचा अर्ज केला. ज्वारीला एखादी पाळी दिली की झालं. पाणीपट्टीची धास्ती होती, पाटाच्या पाण्यानं जमिनीचा कस जातो असंही म्हणत. आणि उसाला लागतो पैसा. बेणं, पेंड, शेणखत, बैल, पाणीपट्टी हे सगळं आज घालायचं आणि वर्ष-दीड वर्षानं हाती काय येईल ते बघायचं. सुप्याच्या वह्या जळाल्याला फार दिवस झाले नव्हते. एवढी रक्कम मातीत घालायला कुणब्याचा हात धजत नव्हता.

सासवडच्या माळ्यांना बागायतीची सवय होती. कऱ्हाकाठच्या विहिरींवर त्यांनी मोटेच्या पाण्यानं ऊस, भाजी, फळबाग केलेली. पाटाची बातमी लागली तशी ही मंडळी खाली सरकली. गिरमे, बोरावके, राऊत, कुदळे ही आडनावं आज कालव्याच्या काठानं सगळीकडं दिसतात, ती तेव्हाची. बापूंच्या वडिलांनी आमची चारीलगतची जमीन एका माळ्याला खंडानं दिली. खंड रोख, आणि जिरायतीच्या उत्पन्नाच्या मानानं भरभक्कम. आपलीच जमीन दुसऱ्यानं हिरवी केलेली बांधावर बसून बघायची आणि पैसे मोजून घ्यायचे, असा तो व्यवहार होता. बापू लहानपणी त्या माळ्याच्या गुऱ्हाळावर पडीक असायचे.

गुऱ्हाळाचं ते वर्णन त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते माझंच पाहिल्यासारखं वाटतं. चरकावर बैल फिरतायत, रस काहिलीत पडतोय, चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस तोंडाला फडकं बांधून बसलाय. रसाला उकळी फुटली की भेंडीचा चिकट रस टाकायचा, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. मग खरा कस गुळव्याचा. तो गार पाण्यात हात बुडवायचा, तसाच उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा आणि पुन्हा पाण्यात. बोटांत गोळी कशी वळते त्यावर सगळं ठरायचं. क्षणभर आधी काहील उतरली तर गूळ मऊ, क्षणभर उशीर झाला तर काळा. दीड वर्षाचा खर्च त्या गोळीवर. "तेव्हा गुऱ्हाळावर कुणी बोलत न्हवतं," बापू म्हणायचे.

ढेपा मग बारामतीच्या पेठेत आडत्याकडं जायच्या. १९१४मध्ये दौंड-बारामती छोटी रेल्वे सुरू झाल्यावर बारामतीच्या पेठेला आणखी भर आला. आडत्या बहुतेक गुजर, तेही बाहेरून आलेले. पेंडीला पैसे त्यानंच दिलेले, त्यामुळं गूळ त्याच्याच दुकानी उतरवायचा. मूळ रक्कम, व्याज, आडत, हमाली, तोलाई वजा होऊन जे हाती राहील ते माळ्याचं. भाव पडला तर काहीच राहायचं नाही, उलट नाव वहीत पुढच्या सालाला चढायचं.

आजीची एक मैत्रीण होती, आम्ही तिला माळीणआजी म्हणायचो. तिचं बाळपण इंदापूर तालुक्यात मळे बदलण्यात गेलं. खंडाची मुदत संपली, किंवा जमीन पाण्यानं चोपण झाली, की चरक, काहील आणि भांडीकुंडी गाडीत घालायची आणि पुढच्या गावी जायचं. राहायचं शेतातच, उसाच्या पाचटाच्या छपरात. "आमाला गावात घर न्हवतं गं, वेशीच्या आत आमी बाजारालाच जायचो," असं ती सांगायची. हे लक्षात ठेवावं, कारण आज पाचटाच्या कोपीकडं बोट दाखवून "यांचं असंच" म्हणणाऱ्यांमध्ये काही घरं त्या छपरांतूनच वर आलेली आहेत.

१९२९नंतर जगभर मंदी आली आणि गुळाचा भाव कोसळला. कित्येक माळी कर्जानं गेले. काही रिकाम्या हातानं सासवडला परतले, काही दुसऱ्याच्या मळ्यावर गडी राहिले. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, ती माळीणआजीसारख्यांच्या बोलण्यातच उरली. पण जे टिकले त्यांनी एक मोठी गोष्ट केली. १९३२मध्ये सरकारनं बाहेरच्या साखरेवर जकात लावून देशी साखरधंद्याला संरक्षण दिलं. त्याच साली सासवडच्या माळ्यांनी आपापसांत भांडवल उभं करून स्वतःच्या मालकीची सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. नीरेच्या पलीकडं, माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ माळीनगर वसलं. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी कारखाना उभा केला, तेच वालचंदनगर. पण वालचंद मोठे उद्योगपती होते. माळीनगर उभं केलं ते खंडानं जमीन कसणाऱ्यांनी. आडत्याच्या वहीतून बाहेर पडायचा रस्ता त्यांनी स्वतः बांधला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या इतिहासात या गोष्टीला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असं मला वाटतं.

आमच्या गावानं माळ्यांकडून ऊस शिकला आणि शिकल्यावर जमिनी खंडानं देणं हळूहळू थांबवलं. बापूंनी स्वतः तसंच केलं. पुढं पन्नासच्या दशकात माळेगावचा आणि भवानीनगरचा छत्रपती कारखाना, हे सहकारी कारखाने उभे राहिले. सभासद व्हायला आपल्या नावावरचा ऊस लागायचा. ज्याची जमीन त्याचा कारखाना. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं खाजगी साखर कारखान्यांच्या जमिनीही गेल्या आणि शेती महामंडळ आलं. तोवर माळ्यांनी जमिनी घेतल्या होत्या, मुलं पुण्यात शिकत होती, काही गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर कोपरगाव-श्रीरामपूरला स्थिरावले होते.

मग तोडकरी आले. गुऱ्हाळाला दिवसाला थोडका ऊस लागायचा, तो गावातली माणसं तोडायची. कारखान्याचं तसं नाही. बॉयलर एकदा पेटला की रात्रंदिवस ऊस हवा, आणि तोडल्यावर तो लगेच गाळला नाही तर उतारा घटतो. म्हणजे एकाच वेळी, पाच-सहा महिन्यांसाठी, शेकडो हात हवेत आणि हंगाम संपून पट्टा पडला की त्यांनी निघून जायला हवं. असे हात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यात होते. १९७२च्या दुष्काळानंतर ते आणखी वाढले.

आमच्या विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या एका बाईला आई "मावशी" म्हणायची. वर्षानुवर्षं तीच टोळी आमच्याकडं. मावशी पहाटे तीनला उठून भाकरी बडवायची आणि अंधारातच फडात. नवरा तोडायचा, ती वाढं छाटून मोळ्या बांधायची, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत गाडी भरायची. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन. या जोडप्याला म्हणतात एक कोयता. नवरा आजारी पडला तर अर्धा कोयता. उचल टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या हातून नवऱ्याला मिळायची, कागदावर अंगठा त्याचा, काम दोघांचं. दिवस चुकला की खाडा, त्याचे पैसे वजा. आई एकदा तिला म्हणाली, बाळंत होईपर्यंत तरी घरी राहा. मावशी म्हणाली, "बाई, उचल खाऊन बसलोय, आता पोटातल्याला काय सांगू?" आईनं हे मला सांगितलं तेव्हा मी नोकरीला लागले होते, आणि तरी ते नीट कळायला मला पुढची वर्षं लागली. २०१९मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

दोघांच्या उचलीतला फरक मला इथं दिसतो. माळ्यानं उचल घेतली ती उभ्या पिकावर. पीक त्याचं होतं, भाव चढला तर नफाही त्याचा, आणि चार माळी एकत्र आले तर त्यांच्याकडं एकत्र करण्यासारखं काहीतरी होतं. तोडकऱ्यानं उचल घेतली ती स्वतःच्या आणि बायकोच्या अंगावर. उसाला कितीही भाव आला तरी त्याला टनामागं ठरलेलं मिळणार. शिवाय माळी वर्षभर इथंच राहिला, त्याची पोरं इथल्या शाळेत गेली. तोडकऱ्याची पोरं दिवाळीनंतर शाळेतून उठतात. संघटना त्यांनीही केल्या. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्यांनी त्यांचे संप लढवले, दर वाढवून घेतले. पण मजुरी वाढली तरी मालकी आली नाही.

माझा भाचा जर्मनीत आहे. त्याच्या कारखान्यातल्या ग्रीक आणि तुर्की कुटुंबांबद्दल तो बोलायला लागला तेव्हा मला आमचाच पाट आठवला. पश्चिम जर्मनीनं मजुरांसाठी ग्रीसशी १९६०मध्ये करार केला, तुर्कस्तानशी १९६१मध्ये. तुर्कांच्या करारात दोन वर्षांनी परत जायची अट होती. ग्रीकांना ती नव्हती. माणसं शिकवून तयार करायची आणि परत पाठवायची हे कारखानदारांनाच परवडेना, म्हणून १९६४मध्ये ती अट गेली. १९८१मध्ये ग्रीस युरोपीय समुदायात गेला आणि पुढं ग्रीक माणसाला जाण्या-येण्याची, कामाची मोकळीक मिळाली. तुर्काला प्रत्येक पायरीवर परवाना. तिथंही लोक आधी स्वभावाची कारणं सांगतात, असं भाचा म्हणतो.

आता आमच्याकडं टोळ्या कमी झाल्यात. मावशीचा एक मुलगा मुकादम झाला, धाकटा चाकणला कंपनीत लागला, कोयता धरणार नाही म्हणाला. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, कामगारांसाठी महामंडळ झालं, काही ठिकाणी हार्वेस्टर फिरायला लागले. पण लहान तुकड्यात आणि ओल्या रानात यंत्र चालत नाही, तिथं कोयताच लागतो. ऊस तुऱ्यावर आला तरी तोड मिळत नाही अशी सालं येतात. मग टोळी एकरामागं खुशाली, म्हणजे ठरल्या दरावर वरचे पैसे, मागते, ट्रॅक्टरवाला तसेच एंट्रीचे मागतो, आणि पारावर सगळे चिडतात. मागच्या हंगामात माझ्या चुलतभावानं फोनवर अर्धा तास हीच तक्रार केली. मी त्याला विचारलं, आपल्या पणजोबांनी माळ्याकडून खंड किती घेतला होता माहीत आहे का? त्याला माहीत नव्हतं. जिरायत रानाला कुणीही दिला नसता इतका घेतला होता, कारण तेव्हा अडलेला माळी होता आणि जमीन आपली होती. आता आपण अडलोय. खुशाली दे, असं मी त्याला सांगितलं, आणि ती देताना त्या बाईच्या हातात दे.