यात्रेच्या वाटेवरची चित्रं

औंधचं श्रीभवानी चित्रसंग्रहालय बघून आलेला शहरी माणूस बहुतेक वेळा एकच विचारतो : रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प, एवढा ऐवज या आडगावात कसा काय? मी खटाव तालुक्यातल्या हायस्कुलांत नोकरीभर चित्रकला शिकवली. मला हा प्रश्न कधी पडला नाही. पोरांना घेऊन मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं म्हटलं तर एस.टी.च्या भाड्यापासून मुक्कामापर्यंत सगळ्याची बोंब. औंधला मात्र सकाळी निघून दिवेलागणीला घरी येता यायचं.

औंध साताऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, पावसानं पाठ फिरवलेल्या पट्ट्यात. ज्वारी-बाजरीचा मुलूख. जवळचं रेल्वे स्टेशन रहिमतपूर. गावालगतच्या डोंगरावर यमाईचं मूळपीठ आहे आणि त्या डोंगराच्या चढणीवर १९३८ साली औंधच्या राजांनी हे संग्रहालय बांधलं. जागा नीट पाहिली की त्यामागचा विचार कळतो. संस्थानात शाळा होती, वाडा होता, बाजारपेठ होती. तरी इमारत उभी राहिली ती देवीच्या वाटेवर. पौषातल्या यात्रेला येणारं माणूस चढाव चढताना दम खायला थांबणार, सावलीला आत शिरणार आणि चित्रं बघणार. तिकीट काढून, ठरवून चित्रं बघायला येणारा वर्ग या भागात नव्हताच. जो वर्ग होता त्याच्या पायाखालच्या वाटेवर राजांनी चित्रं आणून ठेवली. आजही यात्रेकरू बायका दाराशी चपला काढू लागतात. पहारेकरी सांगतात, ‘मावशी, राहू द्या.’ पण पौराणिक चित्रापुढं आलं की त्यांचे हात जोडले जातातच.

हे राजे म्हणजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा, शिक्षण बी.ए.पर्यंत, गादीवर आले १९०९ मध्ये. संस्थान कसलं, तर इनमिन बहात्तर गावांचं, आणि तीही एका जागी नाहीत : काही औंधभोवती, काही कुंडलकडं, काही आटपाडीकडं, काही पार विजापूरच्या बाजूला. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते कीर्तन करत. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की हा राजा स्वतः कुंचला धरणारा होता. १९१६ मध्ये त्यांनी रंगवलेलं ‘चित्ररामायण’ छापून निघालं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा त्यांनी लाख रुपयांचं साहाय्य कबूल केलं आणि त्या आवृत्तीसाठी चित्रंही काढली. वेरूळ आणि अजिंठ्यावर त्यांची इंग्रजी पुस्तकं आहेत.

मास्तर म्हणून मार्क द्यायचे झाले तर रेखाटनाला मी हात आखडताच घेईन. त्यांच्या आकृत्या संगीत नाटकातल्या पात्रांसारख्या प्रेक्षकांकडं तोंड करून उभ्या राहतात. तरीही स्वतः चित्र काढणाऱ्या माणसाचा संग्रह आणि नुसत्या धनवंताचा संग्रह यांत फरक पडतो. धनवंत उत्तम तेवढं विकत घेतो. चित्रकाराला दुसऱ्यानं ते कसं साधलं हे बघायचं असतं.

म्हणूनच औंधच्या भिंतींवरचा मेळा मला एखाद्या सामूहिक प्रदर्शनासारखा वाटतो. इथं रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आहे. धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, माधव सातवळेकर आहेत. राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रं आहेत, हस्तिदंत आणि चंदनातलं कोरीवकाम आहे. ही माणसं एकमेकांना अगदीच परकी नव्हती. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथंच शिकवायला लागले. बाबूराव पेंटरही कोल्हापूरचे, कारागिराच्या घरातले, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडं वळलेले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा १९२० मधला गाजलेला चित्रपट होता ‘सैरंध्री’.

त्याआधी १९०७ मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’नं हीच कथा रंगभूमीवर आणली होती आणि कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसल्यानं सरकारनं पुढं नाटकावर बंदी घातली. तेव्हा १९३८ साली डोंगर चढून आलेला प्रेक्षक सैरंध्रीपुढं कोरा उभा राहिला नसणार. कीर्तनातून, तमाशातल्या वगातून, नाटकातून, पडद्यावरून ती बाई त्याच्या ओळखीची झालेली होती. चित्राखालची पाटी वाचता येत नव्हती म्हणून त्याचं काही अडलं नसेल.

या मेळ्यात शहरी जाणकार नाक मुरडतात ते नकलांना. युरोपातल्या जुन्या थोर चित्रांच्या प्रती राजांनी इथं लावल्या आहेत. ‘मूळ नाहीत हो, कॉप्या आहेत’ असं म्हणून पाहुणे पुढं सरकतात. मी पोरांना नेमका तिथंच बसवत असे. १९३८ मध्ये आटपाडीच्या पोराला रंगीत छपाईचं पुस्तकही दुर्मीळ होतं, फ्लॉरेन्स आणि रोम तर लांबच. तेलरंगात, मोठ्या आकारात केलेली प्रत त्याला छायेचे थर दाखवते, चेहऱ्यावर उजेड कुठून येतो ते दाखवते, कापडाची घडी कशी मोडायची ते शिकवते. आमच्या चित्रकलेच्या तासाला फळ्यावर खडूनं काढलेला तांब्या यापेक्षा कितीतरी कमी शिकवतो. प्रत ही शिकणाऱ्यासाठी असते. संग्रहालयात त्या प्रती आहेत, यावरून ते कुणासाठी बांधलं ते उघड होतं.

हेन्री मूरच्या ‘माता आणि बालक’ या शिल्पाची गोष्ट वेगळी. त्यावर बाहेरचे लोक सर्वांत जास्त बोलतात. माझ्या वर्गातला एकजण तिथं म्हणाला होता, ‘सर, हिचं नाकडोळं कुठायत?’ दुसऱ्यानं परस्पर उत्तर दिलं, ‘लेकरू धरलंय न्हवं, मग आई हाय.’ मी पुढं काही बोललो नाही. शेंदूर फासलेल्या अनघड दगडात ज्यांना देवी दिसते त्यांना मूर समजावून द्यायला मास्तर लागत नाही.

चित्रं एकटी आली नाहीत, त्यांच्या मागंपुढं माणसं आली. जे. जे.मध्ये शिकलेले, लाहोरला चित्रशाळा चालवलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८च्या सुमारास औंधला आले. वेदांच्या अभ्यासासाठी त्यांचं नाव झालं, पण ते मुळात पेशानं चित्रकार. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कहाणी त्याहून मजेची. तेही चित्रकार व्हायला जे. जे.मध्ये गेले होते. डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येईनात, म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडं वळले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळचा माळ त्यांना दिला आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराचा कारखाना आणि चित्रांचं संग्रहालय या दोन्हींना एकाच माणसाचा आश्रय होता. उत्तम वस्तू आपल्या बहात्तर गावांत तयार व्हाव्यात, निदान बघायला तरी मिळाव्यात, हा त्यामागचा हट्ट.

१९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या मदतीनं औंधमध्ये ग्रामपंचायतींवर उभं असलेलं जबाबदार राज्य आलं. राजानं आपणहून सत्ता सोडली. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच साली सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले आणि १९५१ मध्ये बाळासाहेब वारले. संग्रहालय सरकारकडं आलं. चित्रं राहिली, पण त्यांच्याभोवती चित्र काढणारी जी माणसं होती ती पांगली.

त्या मंडळींनी मागं काय ठेवलं? पंडितजींचे चिरंजीव माधव सातवळेकर औंधच्या वातावरणात वाढले, युरोपात शिकून आले आणि पुढं महाराष्ट्राचे कला संचालक झाले. खेड्यापाड्यांतली पोरं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसतात त्या परीक्षा याच कला संचालनालयाच्या. म्हणजे आमच्या पोरांची चित्रं जिथं तपासली जायची त्या खात्याच्या खुर्चीत एकेकाळी औंधच बसलं होतं. माडगूळही याच संस्थानातलं गाव. तिथले व्यंकटेश माडगूळकर लेखणीइतकीच रेघही सराईतपणे चालवत. राजानं एकटं संग्रहालय बांधलं असतं तर एवढं घडलं नसतं. शाळा, शिकवणारा चित्रकार आणि बघायला खरं चित्र या तिन्ही गोष्टी पायी जाण्याच्या अंतरात होत्या, म्हणून घडलं.

आज डोंगरावरची चित्रं सुरक्षित आहेत, शाळा तर गावोगाव झाल्या. कमी पडतो तो मधला दुवा. चित्रकलेचा शिक्षक निवृत्त झाला की ती जागा भरलीच जाईल याची खात्री कुणी देत नाही, आणि तासाला गणिताचे मास्तर येऊन बसतात. औंधला नवी इमारत, नवे दिवे यांची मागणी होते ती रास्तच आहे. माझी मागणी स्वस्तातली आहे : तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कुलाला एक चित्रकलेचा शिक्षक द्या, आणि परीक्षेआधी एक दिवस त्याला पोरं घेऊन डोंगरावर जाऊ द्या.